मोठ्याने वाचा

फुकट ते पौष्टिक, असं म्हणतात. पण त्या मार्चमध्ये उत्तनच्या मराठी शाळेत जे फुकट आलं, त्याने ज्युलियाना बाईंची झोपच उडवली. कुठल्याशा संस्थेने शिक्षकांसाठी वेबसाइटवर पाठ ठेवले होते. रंगीत चित्रं, खाली चार ओळी मजकूर, आणि एक पैसा द्यायचा नाही. हवा तो पाठ उतरवून घ्या आणि वर्गात पडद्यावर दाखवा! मुख्याध्यापिका उर्मिला मॅडम रोज मीरा रोडच्या सिल्व्हर पार्कमधून यायच्या. त्यांना नव्याचा भारी सोस. त्यांनी स्टाफरूममध्ये जाहीरच करून टाकलं.

"प्रत्येकीने एक पाठ घ्यायचा. केंद्रप्रमुख धर्माजी सर बघायला येणारेत. ज्युलियाना, तुम्ही चौथीला वसंत ऋतू घ्या. आत्ता वसंतच चाललाय की!"

"घेते ना," बाई म्हणाल्या.

दुसरं काय म्हणणार? पडद्यावरचं एक अक्षर मला दिसणार नाही, असं सगळ्यांसमोर सांगणार होत्या की काय?

खरी गोष्ट ती होती. दोन वर्षं झाली, बाईंच्या दोन्ही डोळ्यांपुढे दूध सांडल्यासारखं झालं होतं. माणूस दिसायचा, पण त्याचं नाक-तोंड दिसायचं नाही. फळा दिसायचा, फळ्यावरचं दिसायचं नाही. आणि तरी ही बाई रोज वर्गावर जात होती, बरं का! तिसरी-चौथीची पुस्तकं तोंडपाठ होती, लिहायला हाताला सवय होती. वह्या तपासायच्या तर मुलांनाच एकमेकांच्या तपासायला द्यायच्या. नवीन काही आलं की एकच हुकूम: "मोठ्याने वाचा!" सगळा वर्ग एका सुरात वाचायचा आणि बाई ऐकून घ्यायच्या. शाळेबाहेर कुणी कागद पुढे केला, तर पर्स चाचपून म्हणायच्या, "अगो, चष्मा विसरले बघ. तूच वाच ना." चष्मा त्याच पर्समध्ये असायचा. त्याचा उपयोग काही नव्हता, एवढंच.

झाकली मूठ सव्वा लाखाची. पण ती उघडली तर?

तर काय होईल, ते बाईंनी पक्कं ठरवून टाकलं होतं. गावातली मुलं एकामागून एक इंग्रजी शाळेत चालली होती. पटावर मुलं उरेनात. एक तुकडी बंद होणार आणि एक शिक्षिका जादा ठरणार, असं स्टाफरूममध्ये रोज कुजबुजत. आंधळी बाई सोडून डोळस बाईला कोण काढेल? घरात जेरोमची कंबर होडीवर पडून मोडली, तेव्हापासून तो घरीच होता. घर बाईंच्या पगारावर चाललं होतं. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात ना, तसं झालं होतं. कुणी नुसतं "बाई, जरा येता का?" म्हटलं, तरी बाईंना वाटायचं, गेली नोकरी.

मग डॉक्टरकडे का नाही गेली, असं तुम्ही विचाराल. मीही विचारलं असतं. पण बाईंनी आपल्या बाबांचं पाहिलं होतं. बाबांना असंच धुरकट दिसायला लागलं, तेव्हा गावात डोळ्यांचं फुकट शिबिर भरलं होतं. बाबा हसत गेले आणि पट्टी बांधून आले. पट्टी सुटली तर सगळा अंधार! पुढे मरेपर्यंत ओटीवर बसून बोटांनी चाचपत जाळी विणत राहिले. तेव्हापासून बाईंनी मनाशी ठरवलं होतं, की धुरकट तर धुरकट, पण डोळ्याला सुरी लावून घ्यायची नाही.

तर आता हा वसंत ऋतू. पुस्तकात असता तर बाईंनी झोपेत शिकवला असता. पण हा पाठ नवा होता, कधी न वाचलेला.

शनिवारी बाईंनी भाईंदरची बस पकडली. स्टेशनजवळ स्वप्नील नावाच्या मुलाचा सायबर कॅफे होता. तिथे जाऊन बसल्या आणि पर्स चाचपली.

"चष्मा विसरले रे बाळा. तो पाठ काढ, आणि काय काय येतंय ते मला वाचून दाखवतोस?"

"नो प्रॉब्लेम, टीचर," स्वप्नील म्हणाला. पोरगा भला होता. त्याने एकेक चित्र काढलं, खालचा मजकूर वाचला, बाईंनी सांगितलं तसा पुन्हा वाचला, आणि तिसऱ्यांदाही वाचला. पहिलं पान नुसतं नावाचं. मग पळस, मग पांगारा, मग आंब्याचा मोहोर, मग कोकीळ, मग पिंपळाची पालवी, आणि शेवटी होळी. बाईंनी सगळं ओळीने डोक्यात बसवलं. स्वप्नीलने पाठ पेन ड्राइव्हवर घालून दिला. तो त्यांनी रुमालात बांधून पर्समध्ये ठेवला.

घरी भाजी चिरताना, अंगणात वाळत घातलेले बोंबील उलटताना बाईंचे ओठ सारखे हलत होते. पळस, पांगारा, मोहोर, कोकीळ, पालवी, होळी. ते उपासकाळाचे दिवस होते, ईस्टर जवळ आला होता. जेरोमला वाटलं, बायको रोझरी म्हणतेय.

"काय गो, किती प्रार्थना करशील?" तो म्हणाला. "माझ्या कंबरेसाठी पण एक कर."

"करते," बाई म्हणाल्या. त्यालाही त्यांनी काही सांगितलं नव्हतं. नवऱ्यापासून लपवायचं म्हणजे घरातल्या घरात चोरी. पण तो घाबरला असता, आणि दोघांनी घाबरून काय होणार होतं?

पाठाचा दिवस आला. वर्गाच्या खिडक्यांना चादरी लावून अंधार केला होता. टेबलावर कॉम्प्युटर, समोर भिंतीवर पांढरा पडदा. मागच्या बाकावर दोन आकृत्या. रुंद ते धर्माजी सर, बारीक त्या उर्मिला मॅडम. पेन ड्राइव्ह मॅडमनीच लावून दिला होता आणि पाठ उघडून दिला होता. पडद्यावर हिरवा उजेड पडला. म्हणजे नावाचं पान. देवा, सांभाळ रे बाबा!

"मुलांनो, आज आपण वसंत ऋतू बघणार," बाई म्हणाल्या. आवाज बरा निघाला. त्यांनी माउसवर हात ठेवला.

आता इथे काय झालं ते नीट ऐका. त्या वर्षी शिक्षकांचं कॉम्प्युटरचं प्रशिक्षण झालं होतं. तिथल्या सरांनी घोकून घेतलं होतं, की काहीही उघडायचं तर माउसचं बटण दोनदा दाबायचं, टक-टक. एकदा दाबून काही होत नाही. शाळेतल्या सगळ्या बायकांनी ते मंत्रासारखं पाठ केलं होतं. पण पाठ एकदा उघडला, की पान पुढे न्यायला बटण एकदाच दाबायचं असतं, हे कुणी सांगितलं नव्हतं. सायबर कॅफेत तर बटण स्वप्नीलच दाबत होता. बाईंनी दाबलं टक-टक. पान उलटलं, आणि लगेच आणखी एक उलटलं.

पडद्यावर लाल रंग पसरला. लाल म्हणजे पळसच, बाईंना वाटलं.

"हा बघा पळस," त्या म्हणाल्या. "याचं फूल पोपटाच्या चोचीसारखं..."

आणि रोजच्या सवयीने सगळा वर्ग एका सुरात ओरडला, "पांगारा! पांगाऱ्याच्या फांदीला काटे असतात!"

पांगारा? पळस गेला कुठे? स्वप्नीलने क्रम बदलला, की आपणच चुकीचा पाठ केला? मागच्या आकृत्या हलल्या. रुंद आकृती बारीक आकृतीच्या कानाशी झुकली. बाईंना वाटलं, संपलं. आता उठतील, पुढे येतील आणि विचारतील, बाई, हे काय वाचताय?

पण अठ्ठावीस वर्षं वर्गात काढलेली बाई होती ती. उगीच नाही.

"शाब्बास!" त्या मोठ्याने म्हणाल्या. "मी मुद्दाम चुकले. बघितलं, तुमचं लक्ष आहे की नाही ते."

मुलं हसली. मागूनही हसू आलं. मग मात्र त्यांनी तोंड आधी उघडलं नाही. टक-टक करायचं आणि गप्प उभं राहायचं. मुलं वाचायची, "कोकीळ!" की मग बाई सुरू व्हायच्या, कोकीळ आपलं घरटं कसं बांधत नाही, कोकिळा कावळ्याच्या घरट्यात अंडी कशी घालते. "होळी!" की मग होळीचं. तीनच चित्रांत पाठ संपला आणि पडदा काळा झाला. बाईंना वाटलं, काळ आला होता, पण वेळ आली नव्हती.

चादरी निघाल्या. धर्माजी सर पुढे आले. खूश होते.

"वा, बाई! मधली थोडी पानं राहिली वाटतं, पण असू दे. इतर शाळांत मुलं नुसती सिनेमा बघितल्यासारखी बसतात. तुमची मुलं प्रत्येक ओळ वाचतात. ही पद्धत मी बाकीच्यांना सांगणार." मग ते मुलांकडे वळले. "काय रे, रोज असंच मोठ्याने वाचता?"

"हो सर!"

"कुणी शिकवलं?"

पहिल्या बाकावरची टॅनिया उठली. चुणचुणीत पोर, बाईंचा उजवा हात. खणखणीत आवाजात म्हणाली, "कुणी न्हाय सर. बाईंना दिसत न्हाय ना, म्हणून आम्ही वाचतो."

बाईंचा हात माउसवर होता, तो तिथेच राहिला.

"काय बोलतेस तू?" उर्मिला मॅडम म्हणाल्या.

टॅनियाला वाटलं, आपलं नीट कळलं नाही. तिने सगळं समजावून सांगितलं. "तिसरीपासून, मॅडम. आम्ही ठरवलंय. फळ्यावर काही आलं की आधी वाचायचं. हात वर केला की आपलं नाव पण सांगायचं, म्हणजे बाईंना कळतं कोण ते. वाटेत बाक आला तर सरकवायचा. आणि कुणाला सांगायचं न्हाय..." इथे तिच्या लक्षात आलं आणि तिने तोंडावर हात ठेवला.

हात वर करून नाव सांगायची शिस्त! बाईंना त्या शिस्तीचा केवढा अभिमान होता. आपणच लावली, असं वाटायचं त्यांना.

"ज्युलियाना, खरं आहे हे?"

"खरं आहे," बाई म्हणाल्या. "मोतीबिंदू असेल."

"असेल म्हणजे? दाखवलं नाहीत?"

दोन वर्षं दाबून ठेवलेलं वाक्य अखेर बाहेर पडलं. "मला भीती वाटते हो, मॅडम. फार भीती वाटते."

मागच्या बाकावरून ॲशली उठला, आणि उठता उठताच रडायला लागला. "सर, बाईंना काढू नका. आम्ही वाचतो ना!"

धर्माजी सरांनी आधी त्याच्याकडे आणि मग बाईंकडे पाहिलं. "काढत कुणी नाही रे. पण बाई, ही पोरं दहा-दहा वर्षांची. तुमची भीती किती दिवस यांच्या डोक्यावर ठेवणार?"

ते मात्र लागलं. उर्मिला मॅडम पुढे आल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "सुट्टी लागली की ऑपरेशन. मी स्वतः घेऊन जाईन. जूनमध्ये अशाच आलात, तर मला वर कळवावं लागेल, ज्युलियाना. मग माझ्या हातात काही राहणार नाही."

एकीकडे नोकरी, दुसरीकडे सुरी. इकडे आड तिकडे विहीर, म्हणतात ते हेच. मे महिन्यात भाईंदरच्या दवाखान्यात टेबलावर पडल्या, तेव्हा बाई इतक्या थरथरत होत्या, की डॉक्टर दोनदा थांबले. डोळ्यापुढे बाबा बसले होते, ओटीवर, मांडीवर जाळं घेऊन. बाहेर जेरोम होता. त्याला आता सगळं कळलं होतं, आणि तो खरोखरच रोझरी म्हणत होता.

एका डोळ्याची पट्टी सुटली, तेव्हा बाईंनी डोळा उघडायलाच नकार दिला. जेरोमने हात धरला. "उघड गो. मी हाय ना." उघडला तर समोर पांढऱ्या केसांचा माणूस! अगो बाई, हा कधी म्हातारा झाला? बाई हसल्या, आणि मग इतक्या रडल्या की नर्स ओरडली.

घरी आल्यावर चार दिवसांनी मुलं भेटायला आली. बाई काळा चष्मा लावून ओटीवर बसल्या होत्या, बाबा बसायचे तिथेच. मुलं दारात घोळक्याने उभी राहिली. कुणी काही बोलेना, घाबरलीच होती सगळी. बाईंनी चष्मा काढला. एक मुलगी सगळ्यांच्या पुढे होती. सावळी, बारीक, पुढचा दात अर्धा तुटलेला, भुवईवर जुनी खोक. बाईंनी तिला डोळे भरून पाहिलं. हा चेहरा त्यांनी कधीच पाहिला नव्हता.

"तू कोण गो?" त्यांनी कौतुकाने विचारलं.

मुलीचं तोंड एवढंसं झालं. तिने मागे वळून बाकीच्यांकडे पाहिलं. ॲशली खाली बघायला लागला. मग ती मुलगी आत आली, भिंतीवरच्या कॅलेंडरपाशी गेली, पहिल्या ओळीवर बोट ठेवलं आणि बाईंसाठी खणखणीत आवाजात वाचायला लागली, "मे महिना. रविवार, सोमवार, मंगळवार..."

आवाज ऐकला आणि बाईंना कळलं, ही टॅनिया. आणि पोरीला वाटत होतं, बाईंना अजून दिसतच नाही.