दीपमालाचा हात

एसीचा सेन्सर डॅशबोर्डच्या पार मागं बसवणाऱ्याला एकदा आमच्या बार्शीजवळच्या वाशीच्या उन्हात गाडीत कोंडलं पाहिजे. बिघडलेला सेन्सर बदलायला मेस्त्री दोन दिवस मागत होता आणि मला उद्याच बायकोला, दीपमालाला, केमोसाठी बार्शीला न्यायचं होतं. गरम हवेनं तिला उलट्या होतात. घरीच बसवायला घेतला, तर माझा हात आत शिरेना.

“सरका, मी बघते,” ती म्हणाली.

मागच्या उन्हाळ्यात हाच सेन्सर गेला, तेव्हा तिचा हात पंजापाशीच अडकला होता. तेल लावून ओढावा लागला होता. आज कोपरापर्यंत गेला. नवा सेन्सर बसला, गार हवा आली.

हात बाहेर आला, तेव्हा मनगटातल्या दोन्ही बांगड्या आतच राहिल्या होत्या. तिला पत्ताच न्हवता.

“बघा, जमलं का न्हाय?”

“व्हय,” मी म्हणालो.