काटा चार हजारांच्या खाली

मामांनी नोकरीत कुणाकुणाला कुठे पोचवलं हे सांगायला फार वेळ लागत नाही, कारण सगळ्यांना एकाच ठिकाणी पोचवलं. नगरपालिकेची शववाहिका त्यांनी जवळजवळ अख्खी नोकरी चालवली. धक्का नाही, गचका नाही, हॉर्न तर नाहीच. मागे आडव्या असलेल्या माणसाने कधी तक्रार केली नाही, आणि पुढे शेजारी बसणाऱ्या नातेवाइकांपैकी कुणी 'जरा दामटा' म्हटल्याचंही त्यांना आठवत नव्हतं. अशा नोकरीतून माणूस निवृत्त होतो तेव्हा दमलेला असतो, पण कशाने दमलो ते त्याला सांगता येत नाही, कारण घाई अशी कधी केलेलीच नसते. मामी म्हणायच्या, यांना बाजारातून कोथिंबीर आणायला पाठवलं तरी ती वाटेत वाळते.

त्यामुळे भाचीने स्पोर्ट्‌स कार घेतली आणि ती 'बसवून' द्यायचं काम मामांकडे आलं, तेव्हा मामींना हसू आवरेना. मामा मात्र खुर्चीतून उठताना नुसतं 'हं' म्हणाले. ते हल्ली उठताना 'हं' म्हणत आणि बसताना 'हुश्श', आणि मधला वेळ बहुधा गप्प असत.

भाची दातांची डॉक्टर. सकाळी एका मोठ्या इस्पितळात नोकरी, संध्याकाळी शहराच्या दुसऱ्या टोकाला स्वतःचा दवाखाना. दोन ठिकाणी नावाच्या पाट्या असल्याचा तिच्या आईला, म्हणजे मामांच्या ताईला, कोण अभिमान. अशा मुलीने एक दिवस काही न सांगता जमिनीला टेकलेली पिवळीधमक गाडी आणून दारात उभी केली. ताई तडक भावाकडे आली. त्या गाडीत बसायचं नसतं, पडायचं असतं, आणि बाहेर निघायला दोन माणसं लागतात, असं तिने सांगितलं. मागची सीट नाहीच. सुरू केली की शेजारच्यांच्या कपाटातल्या कपबश्या वाजतात.

"ही पोर जिवाचं काहीतरी करून घेणार बघ," ताई म्हणाली. "नव्या गाडीला म्हणे पहिले दीड हजार किलोमीटर पळवायची बंदी असते. हिला दवाखान्यातून सवड नाही, म्हणून दिवसा तू चालवून दे म्हणतेय. तू हो म्हण. आणि चालव तुझ्या पद्धतीने. ते दीड हजार पुरे होऊच देऊ नकोस."

मागोमाग भाचीचा फोन आला. तिचं म्हणणं नेमकं उलटं. मामा, तू दिवसभर मोकळाच असतोस, लवकरात लवकर दीड हजार संपव. मग शोरूममध्ये सांगितलेले नियम तिने एका दमात ऐकवले. सुरू केल्यावर तेल गरम होईपर्यंत इंजिनाला त्रास द्यायचा नाही. इंजिनाच्या फेऱ्या दाखवणारा काटा चार हजारांच्या वर न्यायचा नाही. टायर कोरे आहेत, अजून रस्ता धरत नाहीत, तेव्हा वळणावर जपून. ब्रेकही नवे आहेत, ते हळूहळू रुळवायचे, एकदम दाबायचे नाहीत. आणि फार वेळ एकाच वेगात राहायचं नाही, वेग कमी-जास्त करत राहायचं. शेवटचा नियम मामांनी ऐकला आणि सोडून दिला. ज्यांना एक वेग धरून ठेवता येत नाही अशा लोकांची सोय म्हणून तो घातला असावा, असं त्यांना वाटलं.

बहीण एकीकडे ओढतेय, भाची दुसरीकडे. अशा वेळी शहाणा माणूस आजारी पडतो. मामांना तेवढीही उमेद नव्हती. त्यांनी किल्ली घेतली.

मग शहराने एक अजब गोष्ट पाहिली. पिवळी, चपटी, श्वापदासारखी गाडी रस्त्याच्या कडेने सायकलींना वाट देत चालली आहे, आणि आत एक टक्कल पडलेले गृहस्थ दोन्ही हात चाकावर ठेवून समोर अशा चेहऱ्याने बघताहेत की पाहणाऱ्याचा हात आपोआप डोक्यावरच्या टोपीकडे जावा. मोटारसायकलवाली पोरं शेजारी येऊन गुरगुर करत, शर्यतीची खूण करत. मामा त्यांना हाताने 'जा, जा' करत, आणि ती बिचारी ओशाळून जात. एका चौकात पोलिसाने गाडी बाजूला घ्यायला लावली. त्याला दंड करायचा नव्हता. गाडी बंद पडत असेल तर ढकलायला माणसं बोलावतो, असं तो म्हणाला.

चौथ्या की पाचव्या दिवशी मामा आपल्याच तंद्रीत चालवत होते. हात आपल्या सवयीने वळले, बाजारपेठ मागे पडली, फुलवाला दुकानाच्या पायरीवर उठून उभा राहिला, आणि समोर स्मशानाच्या रखवालदाराने फाटक सताड उघडलं. त्याने गाडीकडे पाहिलंच नव्हतं. वेग पाहिला होता.

"मामा, कोण आहे आज?" त्याने विचारलं.

कुणी नाही, असं मामांनी सांगितलं. रखवालदाराने शेजारची रिकामी सीट पाहिली, मग मामांकडे जरा जास्त वेळ पाहिलं आणि बसायला खुर्ची आणली. मामा चहा पिऊन परतले. एवढा तुमचा शांतपणा बघून बरं वाटलं, असं तो निघताना म्हणाला. मामा स्वतःसाठीच जागा बघायला आले असं त्याला वाटलं होतं, ते मामांना घरी आल्यावर उमगलं.

रोज संध्याकाळी भाचीचा फोन यायचा. किती झाले? मामा आकडा सांगत. ती म्हणे, बास, एवढेच? तो आवाज ऐकून मामांना ताईचं म्हणणं पटू लागलं. पोरीला वेगाचं वेड लागलंय यात शंका नव्हती. नोकरीत त्यांनी पोरवयाची माणसंही नेली होती, आणि त्या फेऱ्यांनंतर मामा घरी जेवत नसत. या भाचीला त्यांनी खांद्यावर घेऊन फिरवलं होतं. ते अजून हळू चालवू लागले.

हजारावर किलोमीटर झाल्यावर पहिली तपासणी होती. सर्व्हिस सेंटरच्या फोरमनने गाडीला संगणकाची वायर जोडली, पडदा बघितला, वायर काढून पुन्हा जोडली, आणि गाडी कुणी चालवली असं विचारलं. मामांनी सांगितलं.

"काटा जागचा हललेलाच नाही, काका."

"नाही हलला," मामा म्हणाले. आवाजात थोडा अभिमान होता, नाही असं नाही.

फोरमन भला माणूस. त्याने मामांना स्टुलावर बसवलं आणि हातवारे करून समजावलं. पिस्टनच्या रिंगांना दाब मिळावा लागतो, तेव्हा त्या सिलिंडरला घासून नीट बसतात. काटा चढवायचा, पाय सोडायचा, उतरू द्यायचा, पुन्हा चढवायचा. चार हजारांच्या वर नाही याचा अर्थ तिथपर्यंत जायचंच नाही असा नव्हे. तुम्ही इंजिन बसवलं नाहीत, झोपवलंत. आणखी थोडे दिवस असंच चालवलं असतंत तर ते जन्मभर तेल पीत राहिलं असतं. अजून वेळ गेलेली नाही, उरलेलं अंतर नियमाने चालवा. एवढं मात्र मालकिणीच्या कानावर घालावं लागेल.

मी घालतो, असं मामा म्हणाले. पण वाट सरता सरेना. भाचीला कळलं की ती किल्ली काढून घेणार आणि उरलेलं एकटीच चालवणार. नाही सांगितलं तर गाडीचं वाटोळं, आणि सांगितलं तर ताई म्हणते तसं पोरीचं. पंचाईत अशी की दोन्हीकडे बोट आपल्याकडेच.

त्याच संध्याकाळी ते गाडी घेऊन भाचीच्या दवाखान्याखाली जाऊन थांबले. दिवे लागून बराच वेळ झाला होता. वर शेवटचा पेशंट होता. मग भाची उतरली ती कठड्याला धरून. अंगावरचा डॉक्टरी कोट काढायचीही तिला शुद्ध नव्हती. ती गाडीत बसली नाही, ताईने सांगितल्याप्रमाणे पडली.

मामांनी गाडी हलवली आणि घसा खाकरून सगळं कबूल केलं. नियम कसा सोडून दिला, फोरमन काय म्हणाला, रिंगा कशा बसल्या नाहीत. ताईचं कारस्थानसुद्धा सांगून टाकलं. सांगून झाल्यावर त्यांनी तोंडाचा पट्टा सुटायची वाट पाहिली. शेजारून काहीच आलं नाही. फारच रागावली असेल म्हणून त्यांनी हळूच मान वळवली. भाची तोंड उघडं टाकून झोपली होती.

शहराबाहेरचा मोठा रस्ता लागला. पुढे-मागे वाहन नव्हतं. मामांनी मनात फोरमनचे हातवारे आठवले, देवाचं नाव घेतलं आणि पाय दाबला. काटा चढला. ज्या वेगाला मामा गेली कित्येक वर्षं नुसते वाट देत आले होते, तो त्यांच्या पाठीला येऊन लागला. इंजिनाने असा काही आवाज काढला की त्यांचे स्वतःचेच केस, होते तेवढे, उभे राहिले. काटा चार हजारांना टेकला तसा त्यांनी पाय सोडला.

"हां," शेजारून आवाज आला. भाचीचे डोळे उघडे होते. "हा आवाज. याच्यासाठीच घेतली ही गाडी."

"हौस भारी तुझी," मामा म्हणाले.

"हौस कसली, मामा."

मग तिने समोर बघत, सपाट आवाजात सांगितलं. आधीची गाडी मऊ होती, आत चिडीचूप. रात्री परतताना तिचा डोळा लागायचा. सिग्नलला तर रोजच, मागचा हॉर्न वाजवून उठवायचा. एकदा पुलावर लागला. चाक दुभाजकाला घासत गेलं, त्या आवाजाने ती जागी झाली. आईला सांगितलं, पार्किंगमध्ये खांबाला लागली. दुसऱ्या दिवशी ती शोरूममध्ये गेली आणि तुमच्याकडची सगळ्यांत कडक सीट आणि सगळ्यांत मोठा आवाज असलेली गाडी कुठली असं तिने विचारलं. विक्रेता म्हणाला, बाईंना गाडीतलं कळतं.

"मग घाई कसली होती तुला? दीड हजारांची?"

"चार हजारांच्या खाली ती गुणगुणते," भाची म्हणाली. "मला झोप येते."

मामांनी दिवा दाखवला, हळूहळू ब्रेक लावत गाडी रस्त्याच्या कडेला घेतली आणि बंद केली. एवढे दिवस ते आणि ताई मिळून ज्याला रोग समजत होते, तो पोरीने स्वतःच स्वतःला दिलेला औषधाचा डोस होता. आणि आपण तो पाणी घालून पातळ करत बसलो होतो. त्यांनी किल्ली काढून मुठीत धरली.

"शववाहिकेत माझ्या शेजारी घरची माणसं बसायची," ते म्हणाले. "कसे गेले असं आपण विचारायचं नसतं. तीच सांगायची. गाडी किती सावकाश चालवायचा हो, म्हणायची. नुसता डोळा लागला, म्हणायची."

"मग मी काय करू? एक पाटी उतरवू?"

"मला नाही ठाऊक. मी ड्रायव्हर माणूस. पण आवाजाचं काही खरं नाही. तुझी मामी सुरुवातीला माझ्या घोरण्याने रात्ररात्र जागायची. आता मी घोरलो नाही तर तिला झोप येत नाही. चार हजारांची सवय झाली की तुला पाच लागतील, मग सहा. त्यापुढे काटा नाही गं."

भाची हसली, आणि हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. दमलेल्या माणसाचं हसणं कुठे संपतं ते त्याला कळत नाही. जरा वेळाने तिने किल्लीसाठी हात पुढे केला. इथून पुढे मी चालवते, माझी गाडी आहे, असं म्हणाली.

"नाही," मामा म्हणाले.

आयुष्यात कुठल्याच बसणाऱ्याला त्यांनी नाही म्हटलं नव्हतं. भाची त्यांच्याकडे बघत राहिली. ती वाद घालेल, मोठ्या डॉक्टरीणबाई आहोत असं दाखवेल, असं वाटलं होतं. पण वादाला लागते तेवढी ताकद तिच्यात उरली नव्हती. हात तसाच मांडीवर पडला.

मग ठरलं ते असं. संध्याकाळी दवाखान्यातून मामा तिला आणतील आणि ती वाटभर खुशाल झोपेल. झोप पुरी झालेली असेल त्या दिवशीच गाडी तिने चालवायची. उरलेलं अंतर तिचं तिनेच बसवायचं, मामा शेजारी. दुसरी पाटी ठेवायची की उतरवायची, ते झोप झाल्यावर बघू. झोपेत कुणी असले निर्णय घेऊ नयेत.

ताईला सांगायचं काम मामांनी अंगावर घेतलं. ती ऐकताना मध्ये एकदाही बोलली नाही, आणि हे तिच्या बाबतीत इतकं विपरीत होतं की मामींनी तिला पाणी आणून दिलं. पहाटे उठून अभ्यास केला म्हणूनच पोर डॉक्टर झाली, असं ती शेवटी म्हणाली. अजूनही भल्या पहाटे पोरीचं पांघरूण तीच ओढून काढत होती. तिने पुढे विषय काढला नाही. पण सुट्टीच्या दिवशी ऊन डोक्यावर आलं तरी तिच्या घरचे पडदे कुणी उघडले नाहीत, आणि कुकरसुद्धा लावला नाही, शिटी होईल म्हणून.

भाची दुपारी आली. चेहऱ्यावर उशीच्या अभ्र्याचे वळ होते. ती चालवायला बसली. मामा शेजारच्या सीटमध्ये पडले आणि 'हुश्श' म्हणाले.

मोठ्या रस्त्यावर तिने काटा चढवला, सोडला, पुन्हा चढवला. वळण लांब होतं तेव्हाच पाय उचलला, ब्रेक आधी लावला, वळणात नाही. मामांना टोकण्यासारखं काही सापडेना. हातांना काम नसल्यामुळे ते त्यांनी गुडघ्यांवर ठेवले. ऊन काचेतून पायांवर येत होतं आणि कंबर दुखत होती.

फोन वाजला. ताईच होती. कुठे आहात, जेवण वाढून ठेवू का, असलं काहीबाही विचारून झाल्यावर तिने खरं ते विचारलं. किती वेगात आहे?

मामांनी काट्याकडे बघितलं नाही. भाचीच्या डोळ्यांकडे बघितलं. ते लांबवर रस्त्याच्या टोकाला लागलेले होते.

"जागी आहे," ते म्हणाले.