पाणी तोडलेला मोगरा

सासूबाई जाऊन दोन महिने झाले होते आणि संपदाला अजून झोप येत नव्हती. खरं म्हणजे ती येऊ देत नव्हती, पण हे तिला एकटीलाच ठाऊक होतं.

सहा वर्षं सासूबाई अंथरुणाला खिळून होत्या. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी त्यांना कुशीवर वळवायचं. दिवसा एक बाई यायची आणि रात्र संपदाची. अकरा, एक, तीन, पाच. गजराची गरज पहिल्या महिन्यातच संपली. सकाळी उठून पुन्हा ऑफिस होतंच. मग नोव्हेंबरातल्या एका रात्री अकराला त्यांना वळवून ती जी आडवी झाली, ती थेट सहाला दचकून उठली. तोवर सगळं आटोपलं होतं. डॉक्टर म्हणाले, झोपेतच गेल्या. नातेवाईक म्हणाले, सुटल्या बिचाऱ्या.

नवरा रमेश, माणूस भला, पण उपाय सुचवण्याची हौस दांडगी. जायफळ घातलेलं दूध झालं, तळपायांना तूप झालं. शेवटी डॉक्टरांनी महिन्याची रजा आणि सकाळचं चालणं लिहून दिलं, तेव्हा हा पठ्ठ्या पांढरे कॅनव्हासचे बूट घेऊन आला, एक नंबर लहान. ते घालून बाई चालणार कुठवर? तिसऱ्याच दिवशी, बोळिंजच्या इमारती संपून वाड्या लागतात तिथे, एका बावखलाच्या काठावर तिने बसकण मारली. वाडीतलं हिरव्या पाण्याचं जुनं तळं होतं ते. बूट काढून तिने पाय पाण्यात सोडले.

"कोन गो तू बाय?" मागून आवाज आला. "पाय घाल खुशाल. मासं गुदगुल्या करतील तेवढ्या."

ही वाडीची मालकीण पुतळाबाई. सत्तरीची, हातात विळा, कासोट्याचं लुगडं. सून रचना केळीची पानं घेऊन रोज दादरला जायची आणि म्हातारी वाडी राखायची.

संपदा रोज येऊ लागली. तिथे तिला कुणी काही सुचवत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर एवढंच तिला हवं होतं. खंड्या पाण्यावर सूर मारायचा, चाफ्याखाली गारवा असायचा, म्हातारी आपल्या कामात. संपदाचे खांदे थोडे सैल पडायचे. पापणी जड झाली की मात्र ती स्वतःच्या दंडाला चिमटा काढायची.

बावखलापलीकडे मोगऱ्याच्या चार ओळी होत्या, अगदी वाळून गेलेल्या. पानं झडलेली, माती भेगाळलेली, आणि पाणी दहा पावलांवर! संपदाचे हात शिवशिवायला लागले. म्हातारीच्याने होत नसेल, सुनेला वेळ नसेल. चार दिवस, पुतळाबाई केळीत शिरली की संपदा गुपचूप पत्र्याचा डबा भरभरून पहिल्या ओळीच्या मुळाशी पाणी ओतत राहिली. कंबर भरून आली, पण दोन महिन्यांत पहिल्यांदा तिला बरं वाटलं. पाचव्या दिवशी, रविवारी, काटक्यांवर हिरवे कोंब दिसले. आनंदाने तिनेच म्हातारीला हाक मारली.

पुतळाबाईने ओळ पाहिली आणि तिचं पित्त खवळलं.

"कोनी पानी घातलं?"

"मी. मरायला टेकली होती हो झाडं."

"मरत नव्हती, निजली होती! मी तोडलंय पानी, मुद्दाम! पौस सरला का पानी तोडायचं, पाला झडला का छाटायची, मंग पानी द्यायचं, तवा कळी धरते. मधीच उठवलंस, आता ही ओळ नुसता पाला काढील. यंदा एक फूल द्यायची नाय."

संपदा ओळीपाशीच खाली बसली. "मला वाटलं, त्यांच्याकडे कुणी बघत नाहीये," एवढंच ती बोलली, आणि मग तिला आवरेना. अकरा, एक, तीन, पाच, सगळं निघालं. ती रात्रही निघाली, जी तिने रमेशलाही सांगितली नव्हती. "मी झोपले, आणि त्या एकट्या गेल्या. मी झोपायला नको होतं."

म्हातारी विळा मांडीवर ठेवून ऐकत राहिली. मग तिने विचारलं, अजून घुश्शातच, "सा वर्सांत तुजी सासू सलग निजली कवा?"

संपदा आठवू लागली. दर दोन तासांनी हात, रात्रीही आणि दिवसाही. "कधीच नाही," ती म्हणाली.

"त्याच रातची निजली ना? तू उठली नायस म्हनून. उठली असतीस तर तिलापन उठवली असतीस." तिने विळ्याने मोगरा दाखवला. "ह्येच केलं असतंस. जा, चाफ्याखाली पड. मी हाय हितं."

चाफ्याखाली गोणपाट होतं. संपदा त्यावर पडली. पापणी जड झाली आणि हात सवयीने दंडाकडे गेला. तो तसाच तिथे राहिला.

जाग आली तेव्हा सावल्या सरकल्या होत्या. समोर रमेश मांडी घालून बसला होता, तिचे बूट हातात धरून, शाळेत शिक्षा झालेल्या पोरासारखा. पलीकडे पुतळाबाई.

"किती वाजले?" ती धडपडून अर्धी उठली.

"एक," तो कुजबुजला. "शोधत आलो, काठावर बूट दिसले. केव्हाचा बसलोय. पण या उठवू देईनात, विळा उगारतात."

एक वाजला होता. सासूबाईंना वळवायची वेळ. संपदा क्षणभर हातावर रेलून तशीच थांबली.

मग तिने स्वतःची कूस बदलली आणि पुन्हा डोळे मिटले.