पत्ता चुकला, गिऱ्हाईक नाही

शिंपीमास्तरांच्या दुकानाकडे गिऱ्हाईक फिरकेनासं झालं, तेव्हा त्यांनी दोष नव्या पिढीला दिला. भाचेजावयांनी तो फोनला दिला.

"मामा, लोक आता दुकान रस्त्यावर शोधत नाहीत, फोनवर शोधतात. तिथे तुम्ही नाहीच."

जावई पडले, मास्तर नाही कसं म्हणणार? मास्तरांच्या घरी चहा पिता पिता जावयांनी व्यवसायांच्या झाडून सगळ्या ऑनलाइन याद्यांत मास्तरांचं नाव घातलं. पत्ता आणि नंबर विचारला, तर मास्तरांनी पेपरातून डोकं काढलं नाही. "मामीला विचारा."

मामीने राहता पत्ता सांगितला आणि नंबर स्वतःचा दिला, कारण मास्तर फोन उचलणं कमीपणाचं मानत.

गिऱ्हाइकांची रीघ लागली, पण घराच्या जिन्यावर. पाटीवर मास्तरांचं नाव आणि कपड्यांच्या आत मामीचे टाके, असाच संसार चालत आला होता. मामीने लोकांची मापं घेतली, कबूल केलेल्या दिवशी कपडे दिले. मास्तरांचं धोरण 'उद्या या' असं होतं. लोकांना फरक कळला, आणि त्यांनी तो लिहिलाही : 'बाईंच्या हाताला सफाई आहे. दुकानातल्या गृहस्थांच्या नादी लागू नका.'

मास्तरांचा पारा चढला. त्यांनी जावयांना फोन लावला. "पत्ता बदला. आत्ताच्या आत्ता."

"बदलतो. नोंदवलेल्या नंबरवर कोड येईल, तेवढा सांगा."

मामीचा फोन वाजला. तिने आकडे वाचले, फोन मांडीवर पालथा घातला आणि पुढ्यातल्या पँटीला टाचण्या लावू लागली.

"सांग ना," मास्तर म्हणाले.

"तोंडात टाचण्या आहेत," मामी अगदी स्पष्ट म्हणाली.

कोडची मुदत संपली. जावयांनी पुन्हा पाठवला. मामीला पुन्हा टाचण्या लागल्या. शेवटी जावयांनाच मामीचं म्हणणं कळलं आणि त्यांना एकाएकी मीटिंग आठवली.

मास्तर काही दिवस रिकाम्या दुकानात ताठ बसले. मग भाडं परवडेना म्हणून मशीन घरी आणलं. निर्णय आपला आहे, असं त्यांनी सगळ्यांना सांगितलं.

परवा एका नव्या बाईने कोपऱ्यात बघून विचारलं, "हे कोण?"

"घरचेच आहेत," मामी टेप गळ्यात अडकवत म्हणाली, "इस्त्री करतात."

मास्तरांनी इस्त्री जरा आपटली. मग शर्टाची कॉलर नीट दाबून घेतली.