सगळ्यांचे वय अठरा

फाल्गुनाच्या उतरत्या उन्हात माळ ताम्रवर्ण झाला होता. पळसाच्या पर्णहीन फांद्यांवर फुले निखाऱ्यांसारखी धुमसत होती, आणि दूर, क्षितिजरेषेवर, वीटभट्ट्यांची धुराडी उभी होती. त्या भट्ट्यांतून सोडवून आणलेली अकरा मुले बालसदनाच्या ओसरीवर ओळीने बसली होती. विटांच्या रंगाची मुले. विटांसारखीच, एका आचेत भाजलेली.

डॉक्टर नलिनी खानझोडे त्यांची वये ठरवायला आल्या होत्या. शहरात सोमवारी काढलेल्या एक्स-रेंचा गठ्ठा त्यांच्या मांडीवर होता. रीत अशी की आधी मुलाला विचारायचे, मग हाडांना.

"वय किती?"

"अठरा."

"आणि तुझं?"

"अठरा."

तिसराही अठरा. चौथीही अठरा. साहेब कागद घेऊन आले की काय सांगायचे, हे मुकादमाने पाढ्यासारखे घोटून घेतले होते. कागद दिसला की ओठ आपोआप हलत. भट्टीवरच जन्मलेली, पुढचे दुधाचे दात पडलेली सहा वर्षांची पारू मान ताठ करून म्हणाली, "अठरा."

"मंग तं तुयं लगन लावा लागते, बुढे!" सदनाच्या दमयंतीताई म्हणाल्या. ओसरी हसली.

हसली नाही ती झुंबर, पारूची बहीण. आई गेल्यापासून पारू तिच्याच दंडाला बिलगून जेवे, बिलगून झोपे. झुंबरला नियम ठाऊक होता. अठराच्या आतली मुले इथे राहणार. वरची सांजेच्या गाडीने नागपूरला, मोठ्या बायकांच्या आश्रमात. गुडघे पोटाशी घेऊन, खांदे आवळून, ती होईल तितकी लहान होऊन बसली होती.

"पंधरा," ती म्हणाली. साऱ्या ओळीत ती एकटीच.

नलिनीबाईंनी तिची फिल्म खिडकीतल्या उन्हापुढे धरली. वाढत्या हाडाच्या टोकाशी एक काळी रेघ असते, केसाएवढी. ती आहे तोवर बालपण आहे. मनगटाशी रेघ नव्हती. कोपराशी नव्हती. कमरेच्या हाडाशी, जिथे ती अठराच्या पुढेमागे मिटते, तिथेही नव्हती. या शास्त्रात वर्ष-दोन वर्षांची चूक क्षम्य असते. त्यांनी ती चूक सांध्यासांध्यात शोधली. सापडली नाही.

दहाव्या वर्षी शिकवलेले खोटे, चिखल तुडवता तुडवता, विटा वाहता वाहता, कुणाच्या नकळत खरे होऊन गेले होते.

"पंधरा लिहा न, बाई," झुंबर हळूच म्हणाली. "पारूले माह्याबिगर झोप नाई येत."

पेन थांबले. बराच वेळ थांबले. मग चालले.

सांजेला गाडी फाटकाशी आली. तांबडी धूळ उठली, तांबडी धूळ बसली. झुंबरचे नाव असलेल्या यादीचा कागद घेतलेल्या साहेबांपुढे पारू धावत गेली, टाचा उंचावून, छाती पुढे काढून.

"मी बी अठरा," ती म्हणाली. "लिहा न, साहेब. अठरा. अठरा."

कुणी हसले नाही.

खिडकीला पारूच्या इवल्या पंजाची फिल्म टेकवलेली राहिली होती. मावळतीचा प्रकाश तिच्यातून येत होता. तांदळाच्या दाण्यांसारखी सुटी, उजळ हाडे. हाडाहाडांत केवढा तरी काळोख. आणि पसरलेल्या त्या पंजात कुणाचेच बोट नाही.