राहून गेलेला डोळा

अनुसयाबाईंना त्या दिवशी अंगण दोनदा सारवावं लागलं. एकदा सारवून हात धुतात न धुतात तोच बैल दावं तोडून त्यावरून गेला. दुसऱ्या एखाद्या बाईने बैलाच्या सात पिढ्यांचा उद्धार केला असता. अनुसयाबाईंनी पुन्हा शेण कालवलं आणि पुन्हा ओणव्या झाल्या. राग यायलाही अंगात थोडं बळ लागतं, आणि ते त्यांचं केव्हाच संपून गेलं होतं.

परवा बिरसीहून पाहुणे यायचे होते, धाकट्या चंद्रकांताला पाहायला. पाहायला म्हणजे काय, हे घरात मुली असलेल्यांना सांगायला नको. ही गोष्ट स्वराज्य मिळायच्या आठ-नऊ वर्षं आधीची, नागऱ्याहून कोसभर अंतरावरच्या एका गावातली. आमच्या या धानाच्या मुलखात मुलीला आधी बाया पाहत. उजेडात बसवायचं, चालवायचं, केस सोडायला लावायचे, दात बघायचे, आणि शेवटी सुपात पसाभर तांदूळ टाकून खडे वेचायला सांगायचं. बैलबाजारातल्या बैलाला निदान तांदूळ तरी निवडावे लागत नाहीत.

"आयकलं का?" त्यांचे यजमान परसराम ओसरीवरून म्हणाले. "दुपारी उदारामबुवा येऊन रायला. चंद्रीचा डोरा पाहासाठी."

अनुसयाबाईंचा हात सारवणावरच थांबला. "काऊन? का झालं तिच्या डोऱ्याले?"

"का झालं म्हन्ते! कोपऱ्यात वडस आलं, तुले दिसत नाई का? बिरसीच्या बाया आंधऱ्या नाईत. पाहतीन आन् उठून जातीन."

वडस म्हणजे डोळ्याच्या पांढऱ्या भागावर, नाकाच्या बाजूने, वाढणारा मांसाचा पापुद्रा. रोवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या, दिवसांत धानाच्या बांधीतल्या पाण्यावरून ऊन डोळ्यांत खुपतं, मळणीत भुसा उडतो, आणि अशा उन्हाधुळीत जन्म काढणाऱ्यांच्या डोळ्यांत हा पापुद्रा हळूहळू उगवतो. चंद्रकांताचा तर तांदळाच्या कणीएवढाही नव्हता. तिला तो दुखत नव्हता, खुपत नव्हता, त्याने तिला कमीही दिसत नव्हतं. दुखत होतं ते बापाला, आणि तेही परवाच्या पाहुण्यांमुळे.

त्या घरात आणखी एक मुलगी होती. थोरली शामकला, वीस वर्षांची. पाहुणे यायचे असले की तिने मागच्या सांदवाडीत, म्हणजे परसात, जाऊन बसायचं, हे कुणी न सांगताच ठरून गेलं होतं. पाच वर्षांपूर्वी तिच्या दोन्ही डोळ्यांत असंच वडस होतं, तिलाही पाहायला पाहुणे यायचे होते, आणि तेव्हाही उदारामबुवाच आला होता. जुन्या धानाच्या लोंबीचं कुसळ मोडून त्याने तिच्या डाव्या डोळ्यातलं मांस रक्त येईपर्यंत खरडलं, वर लिंबू पिळलं आणि फडकं बांधलं. उजवा आठ दिवसांनी करू म्हणाला. पोर किंचाळू लागली तेव्हा तिचं डोकं मांडीवर दाबून धरलं होतं ते अनुसयाबाईंनी. "हालू नको माय, तुया भल्याचं हाय," असं त्या पुन्हा पुन्हा म्हणत होत्या.

आठ दिवसांत डोळा पिकला. महिन्याभरात बुबुळ शिजलेल्या शितासारखं पांढरं झालं. ते पाहुणे आले नाहीत, पुढेही कुणी आलं नाही, आणि उजवा डोळा करायचा राहून गेला. मुलीने पथ्य मोडलं, असं उदारामबुवाने सांगितलं. देवाची मर्जी, असं गावाने सांगितलं. परसरामांनी दोन्ही मानलं.

अनुसयाबाईंना मात्र याहून अधिक ठाऊक होतं, आणि ते त्यांनी दोन वर्षं कुणाला सांगितलं नव्हतं. नागऱ्याला शिवरात्रीच्या जत्रेत गोंदियाचा एक डॉक्टर आंब्याखाली टेबल टाकून लोकांचे डोळे बघत होता. अनुसयाबाईंनी हिय्या करून शामकलाला त्याच्यापुढे नेलं. सकाळपासून बसून तो माणूसही थकलेला दिसत होता. त्याने डावा डोळा पाहिला, मग बराच वेळ उजवा पाहिला.

"डाव्याला काय केलं होतं?" त्याने विचारलं.

"आपोआप झालं," अनुसयाबाई म्हणाल्या.

"असं आपोआप होत नाही, बाई." तो रागावला नाही. "उजव्यात आहे तेच डाव्यात होतं ना? हे निरुपद्रवी असतं. जन्मभर राहिलं तरी काही बिघडत नाही. उन्हात पदर पुढे घ्यायचा, धुळीतून आल्यावर स्वच्छ पाण्याने डोळे धुवायचे, बस. वाढत वाढत बुबुळावर यायला लागलंच तर माझ्याकडे गोंदियाला आणा. उकळलेल्या हत्याराने अर्ध्या तासात काढून देतो. पण घरी कुणाला हात लावू देऊ नका. धानाचं कुसळ तर नाहीच नाही. त्याची घाण डोळ्यात गेली की डोळा वाचत नाही."

डावा परत येणार नाही, हेही त्याने सांगितलं. घरी आल्यावर अनुसयाबाईंनी नवऱ्याला एवढंच शेवटचं सांगितलं. बाकीचं गिळलं. कारण ते सांगायचं तर पोरीचं डोकं कुणी धरलं होतं, हेही उच्चारावं लागलं असतं. हे ओझं घेऊन त्या रांधत होत्या, रोवणीला जात होत्या, आणि सकाळ झाली की उठतच होत्या.

दुपारी उदारामबुवा आला. साठीचा, मऊ बोलणारा माणूस. तो लबाड नव्हता हे कबूल केलं पाहिजे. बापाने शिकवलं ते करत होता आणि कुणाकडून नारळापलीकडे काही घेत नव्हता. लबाड माणसाला निदान हाकलून तरी देता येतं. भल्या माणसाच्या हातून डोळा जातो तेव्हा त्याला आपण वर पाट देतो.

त्याने पागोट्यातून लोंबी काढली, एक कुसळ निवडून मोडलं आणि ओसरीवर पाय दुमडून बसला. "बाई, पोट्टीचं डोस्कं मांडीवर घे," तो म्हणाला. "आन् या खेपी घट्ट धर. मागं तू ढिलं धरलं, म्हून तसं झालं."

अनुसयाबाई बसल्या. सवयीने बसल्या. चंद्रकांता येऊन त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून उताणी झाली. आईचे हात आपसूक तिच्या कानशिलांवर गेले. कुठे दाबायचं ते त्या हातांना पाठ होतं.

"माय, लय दुखन का?" चंद्रकांताने विचारलं.

"मी घट्टच धरलं होतं," अनुसयाबाई म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. कुणाशी बोलतायत तेही आधी कळलं नाही. "हाड मोडन एवढं घट्ट धरलं होतं, बुवा. ढिलं धरलं असतं तं पोट्टी पळून गेली असती, आन् बरं झालं असतं. उठ व चंद्रे."

"का करून रायली तू?" परसराम पुढे आले.

"शामे! भाएर ये." शामकला हातात सूप घेऊन दारात आली आणि बुवाला पाहून तिथेच थबकली. अनुसयाबाईंनी तिला दंडाला धरून उजेडात आणलं. "पाच वर्सात तुमी या पोट्टीच्या तोंडाकडं पाह्यलं का एकदा तरी? आता पाहा. डावा नोका पाहू. उजवा पाहा."

परसरामांनी पाहिलं. पाहणं त्यांना जड गेलं, तरी पाहिलं. उजव्या डोळ्याच्या कोपऱ्यात तो पिवळट-तांबूस पापुद्रा होता तसाच होता.

"त्यातबी वडस हाय. तवा होतं तेवढंच हाय. बुवाचा हात त्याले लागला नाई. आन् त्याच डोऱ्यानं हे तुमचे तांदूर निवडते, सुईत दोरा घालते." मग त्यांनी आंब्याखालच्या डॉक्टरचं सगळं बोलणं सांगितलं, आणि आपण 'आपोआप झालं' म्हणालो तेही सांगितलं. सांगताना त्या रडल्या नाहीत. फार दिवस उराशी धरलेली जड वस्तू खाली ठेवावी, तसं त्यांनी ते सांगितलं.

"एकेकाचा डोरा असते, बाई," उदारामबुवा चाचरत म्हणाला. "माह्या हातानं कितीतरी लोक बरे झाले."

"आन् ज्यायचे गेले, त्यायच्या दारात परत गेले का तुमी?"

परसराम मधे पडले. पण ते ओरडले नाहीत. काकुळतीलाच आले होते. "दोन दोन पोट्ट्या घरात बसवून ठेवू का मी? लोक तोंडात शेन घालतीन."

"बसन तं दोन डोऱ्यानं बसन," अनुसयाबाई म्हणाल्या.

उदारामबुवाने लोंबी पुन्हा पागोट्यात खोवली आणि पाणी न पिताच तो गेला. परसराम कितीतरी वेळ शामकलाच्या उजव्या डोळ्याकडे पाहत राहिले. शेवटी तीच लाजून म्हणाली, "बाबा, भात करपून रायला," आणि आत गेली.

ठरल्या दिवशी बिरसीच्या बाया आल्या. दोघी होत्या, त्यातली मुखत्यार म्हणजे मुलाची आत्या, बिरसीतच दिलेली शकुंतलाबाई. चंद्रकांताला उजेडाकडे तोंड करून बसवलं. सूप आलं. तांदूळ पडायच्या आत अनुसयाबाई बोलल्या, "बाई, तुमी शोधायच्या आधी मीच सांगतो. पोट्टीच्या डोऱ्यात वडस हाय. डॉक्टर म्हन्ते, त्यानं काई होत नाई. आन् आमी ते खरडलं नाई. काऊन नाई खरडलं, तेबी पाहून घ्या." त्यांनी शामकलाला आतून बोलावलं. त्या घरात पाहुण्यांपुढे ती पाच वर्षांत पहिल्यांदा उभी राहिली. तिने हातातला पाण्याचा तांब्या पुढे केला.

शकुंतलाबाईंनी दोन्ही डोळे नीट पाहिले. दुसऱ्या बाईने पुढ्यातलं खाणं थांबवलं. मग शकुंतलाबाई म्हणाल्या, "पोट्टी चांगली हाय. तुमी लपवलं नाई, तेबी चांगलं केलं. पन घरात असा डोरा हाय म्हटल्यावर लोक म्हनतीन, घरान्यातच हाय. आमच्या घरचे मानसं तयार होनार नाईत." बाया उठल्या.

दुसरी बाई गाडीत चढली. शकुंतलाबाई मात्र चप्पल घालायच्या निमित्ताने दाराशी रेंगाळल्या.

"त्या डॉक्टरनं खरंच म्हटलं का, काई होत नाई म्हून?" त्यांनी हळू आवाजात विचारलं.

"खरंच."

"माह्या पोट्टीलेबी हाय, सुशिलेले. बुधवारी तिले पाहाले येऊन रायले. उद्या सकारी उदाराम येते आमच्याकडं." मग त्यांनी पदर सावरला आणि पुन्हा मुलाची आत्या झाल्या. "माहं घरात कोनी आयकत नाई, बाई," असं म्हणून त्या गाडीत बसल्या.

अनुसयाबाईंनी न निवडलेले तांदूळ डब्यात परत ओतले. सोयरीक मोडल्याचं त्यांना वाईट वाटलं, अगदी मनापासून वाटलं. चंद्रकांता कोपऱ्यात तोंड फिरवून बसली होती, तिच्याकडे पाहवत नव्हतं. आता अंग टाकावं आणि दोन दिवस कुणाशी बोलू नये, एवढीच इच्छा होती. पण डोळे मिटले की मांडीवरचं डोकं जाणवायचं, आणि आता ते डोकं सुशिलाचं होतं.

"उद्या सकारी बिरसीले जायाचं म्हन्तो," जेवताना त्या म्हणाल्या.

परसरामांचा घास हातातच राहिला. "ज्यायनं आपल्याले नाकारलं, त्यायच्याच दारात? तिथं तुयं कोन आयकन?"

"मायचं नाई आयकनार," शामकला चुलीपासून म्हणाली. "माह्या तोंडाकडं पाहतीन तं आयकतीन. मी जातो संगं."

जत्रेचा तो एक दिवस सोडला तर पाच वर्षांत तिने गावची शीव ओलांडली नव्हती. सकाळी मायलेकी निघायला बाहेर आल्या तेव्हा गाडी जुंपलेली होती आणि परसराम कासरा धरून पुढे बसले होते.

बिरसीला पोचेपर्यंत ऊन वर आलं. शकुंतलाबाईंच्या अंगणात उदारामबुवा आधीच बसला होता, लोंबी हातात घेऊन. चौदा-पंधरा वर्षांची सुशिला आईच्या मांडीवर डोकं ठेवून पडली होती. घरातले पुरुष ओसरीवर उभे होते. परकी माणसं अशी आत शिरताना पाहून कुणी तरी "कोन हाय?" म्हणून ओरडलं. अनुसयाबाई बोलायला सरसावल्या.

शामकला त्यांच्या पुढे झाली. वाटभर डाव्या डोळ्यावर ओढलेला पदर तिने मागे सारला आणि सुशिलाच्या समोर, उदारामबुवाच्या शेजारीच, मातीत बसली. बुवाने मान खाली घातली.

"हा डोरा बुवानं केला," तिने डाव्या डोळ्याकडे बोट नेलं. मग उजव्याकडे. "हा राहून गेला. आता सांग मावशी, सुशिलेले कोनता पायजे?"

शकुंतलाबाईंचे हात पोरीच्या कानशिलांवर होते. त्यांनी ओसरीवरच्या माणसांकडे एकदा पाहिलं, शामकलाकडे एकदा पाहिलं, आणि हात काढून घेतले. सुशिला उठून बसली.