लोकरी मोज्यातल्या गांधीलमाश्या

रविवारी चर्चहून येऊन सगळे जेवायला बसले आणि जादोहच्या, डुकराच्या मांसात शिजवलेल्या भाताच्या, पहिल्याच घासाला सासूबाईंच्या, म्हणजे मेई त्रोलिनांच्या दाढेखाली कट्‌ असं काहीतरी वाजलं. मेईंनी चावणं थांबवलं, बोट घालून ती वस्तू बाहेर काढली आणि ताटाच्या कडेला ठेवली. लवंगेएवढी, तपकिरी, अंगावर रंगीत पट्टे. भातात खडा निघाला तर माणूस समजू शकतो. हा खडा रंगवलेला होता.

अशा वेळी शहाण्या जावयाने मान खाली घालून भात चिवडावा. पण बान्तेईलांग शहाणा जावई नव्हता. तो ताटावरून पुढे वाकला, त्याने पट्ट्यांचे रंग वाचले आणि त्याचा चेहरा उजळला.

"अरे, हाच तो! काल दिवसभर शोधत होतो मी याला!"

त्याच्या बायकोने, दाफीशाने, टेबलाखालून त्याच्या पायावर पाय दिला. पण तोंडातून सुटलेला रेझिस्टर असो की सुटलेलं वाक्य, परत आत जात नाही.

"बान्तेई," मेई शांतपणे म्हणाल्या. त्या शांत झाल्या की घरातलं मांजरसुद्धा उठून बाहेर जायचं. "हे टेबल माझ्या आईचं. तुझ्या त्या खोक्यांना मी याच्यावर जागा दिली, का? तर जावई दारू पीत नाही, पत्ते कुटत नाही. आता वाटतं, पीत असतास तर बरं झालं असतं. बाटली निदान दाढेखाली तरी येत नाही."

"मेई, चुकून—"

"चुकून माझ्या चहाच्या गाळण्याला तू तारा गुंडाळल्यास. चुकून माझ्या लोणच्याच्या बरणीत ते तांबं खाणारं पिवळं पाणी ठेवलंस. आता चुकून मी तुला मागच्या शेडमध्ये ठेवणार. उद्यापासून सगळा पसारा तिकडे."

मागची शेड म्हणजे चार पत्रे आणि त्यांच्यामधून फिरणारा डिसेंबरचा वारा. पलीकडे शेजाऱ्यांचं डुक्कर. तिथे बसून सोल्डर करायचं तर आधी बोटं शोधावी लागली असती.

बान्तेई वीज कचेरीत कारकून होता आणि उरलेल्या वेळात पेडलवाला होता. गिटार आणि स्पीकर यांच्या मध्ये जोडायचं लोखंडी खोकं, पायाने दाबलं की तारेचा साधा आवाज रडवतं, घुमवतं, नाहीतर खरवडून काढतं. अशी खोकी बाजारात तयार मिळतात. पण ज्याला हा किडा चावला त्याच्या दृष्टीने तयार खोकं म्हणजे फक्त उघडायचे चार स्क्रू. आमच्या मौलाई वस्तीत ज्याच्या हाताला बोटं आहेत त्याच्या घरी गिटार आहे, त्यामुळे उघडायला खोक्यांचा तोटा नव्हता. लोक चांगली वाजणारी खोकी आणून द्यायचे आणि बान्तेई ती सुधारायचा. सुधारलेल्यांपैकी काही नंतर वाजायचीसुद्धा.

हा सगळा संसार चुलीशेजारच्या त्या टेबलाच्या एका टोकावर चाले. बान्तेई लग्न होऊन या घरी आला तो एक गिटार आणि एक ट्रंक घेऊन. घर मेईंचं, पुढेमागे दाफीशाचं. त्यात वाईट वाटण्यासारखं काही नाही. इथे घर लेकीकडे जातं आणि सगळेच जावई बायकोच्या घरी येतात, मग घरजावई म्हणून कोण कोणाला हिणवणार? पण त्या घरात हे माझं असं म्हणता येईल अशी त्याची जागा ती एकच होती. गुडघ्यांना चुलीची ऊब, डाव्या हाताला खिडकी, पाठीमागे दाफीशाची बडबड. ती जागा जाणार म्हटल्यावर त्याला खरोखर रडू आलं, आणि भात तिखट लागल्याचं सोंग त्याने केलं.

"मामांना गाठ," भांडी घासताना दाफीशा कुजबुजली. "मेई देवाचं ऐकते रविवारी. मामांचं रोज ऐकते."

ब्रेमली मामा म्हणजे मेईंचे थोरले भाऊ. राहायचे वरच्या चढावर, आपल्या बायकोच्या घरी, पण बहिणीच्या घरातला शेवटचा शब्द त्यांचा. ते चहाला आले, क्वाईचा विडा गालात सरकवला, दोन्ही बाजू ऐकून घेतल्या आणि डोळे मिटले. मामांनी डोळे मिटले की न्याय तरी निघायचा, नाहीतर घोरणं.

या वेळी न्याय निघाला. "पोरा, माझ्या तरुणपणी माझ्याकडे एक फझचं, आवाज खरवडणारं खोकं होतं, माहीत आहे?"

सगळ्यांना माहीत होतं. मौलाईतल्या कुत्र्यांनाही माहीत होतं. ते खोकं मामांनी एका बसच्या टपावर ठेवलं आणि बस जोवाईला गेली. तेव्हापासून मामा त्याच्या आवाजासाठी झुरत होते.

"काय आवाज होता! लोकरी मोज्यात गांधीलमाश्या भराव्यात आणि मोज्याचं तोंड बांधावं, असा. नाताळच्या कार्यक्रमात मी चर्चच्या हॉलमध्ये वाजवणार आहे. तो आवाज मला आणून दे, टेबल तुझं. नाही आला, तर शेड. काय गं त्रोलिना, कबूल?"

"कबूल," मेई म्हणाल्या. "शेड झाडून ठेवते."

बान्तेई कामाला लागला. जुन्या फझचा जीव असतो जर्मेनियमच्या ट्रान्झिस्टरमध्ये. तसले आता कुणी वापरत नाही, म्हणून पेडलवाले त्यांच्यासाठी जीव टाकतात. तो इएव्दूच्या बाजारात भंगारवाल्यांकडे फिरला, मेलेले रेडिओ पोत्यात भरून आणले, त्यांची पोटं फाडली आणि ट्रान्झिस्टर वेचून काढले. दाफीशा म्हणाली, "नवरा रेडिओ खातो, असं आता लोकांना सांगावं लागेल."

मग रोज संध्याकाळी परीक्षा. मामा चुलीपाशी बसून गिटार छेडायचे आणि निकाल द्यायचे.

"मोजा आला. गांधीलमाश्या मेल्यात."

बान्तेई एक कॅपॅसिटर बदलायचा.

"आता माश्या आहेत, पण घरमाश्या."

बान्तेई ट्रान्झिस्टर बदलायचा.

"हां! पण जरा डुकराची चरबी हवी. खालच्या सुरांना. कळतंय ना?"

दुसरा कुणी असता तर त्याने गिटार मामांच्या डोक्यात घातली असती. पण बान्तेईला खरंच कळत होतं. या छंदातली माणसं अशीच बोलतात आणि एकमेकांना अशीच समजतात. तो रेझिस्टर बदलून बघायचा, मान डोलवायचा आणि म्हणायचा, "चरबी घातली, मामा." मेई चुलीवरचं ढवळत दोघांकडे बघायच्या आणि आपल्या नशिबाला हात जोडायच्या.

आणि एका संध्याकाळी मामांनी तार छेडली आणि बोलेचनात. त्यांनी पुन्हा छेडली. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, त्यातलं थोडं क्वाईच्या लाल रसात मिसळून हनुवटीवर आलं.

"बस परत आली रे," ते म्हणाले.

बान्तेईने झाकण बसवलं, स्क्रू पिळले आणि वर लाल रंग दिला. दाफीशाने त्यावर पांढऱ्या रंगात एक गांधीलमाशी काढली, ती कोंबडीसारखी दिसत होती. मेईंनी शेडची झाडलोट अर्धवट टाकली, पण झाडू तिथेच ठेवला. अनुभवी बाई.

कार्यक्रमाच्या दिवशी दुपारीच धुकं उतरलं. हॉलची दोन्ही दारं सताड उघडी, कारण आमच्याकडे कुणी एकदा येऊन बसत नाही, सारखे येत-जात असतात. खाली सिमेंट, वर पत्रा. शाली, टोप्या आणि त्यांच्यामधून डोकावणारी नाकं, एवढीच माणसं दिसत होती. मुलांचं गाणं झालं, पास्टरसाहेबांचं बोलणं झालं, आणि मामा उठले. अंगात तरुणपणीचं कातडी जाकीट होतं. त्याची चेन मामांच्या पोटाशी आल्यावर थांबली होती.

मामांनी सुरुवातीला साधं वाजवलं. छान वाजवलं. मग सगळ्यांकडे एकदा बघितलं, पाय उचलला आणि लाल खोकं दाबलं.

फुर्र. फुट्‌. फुस्स.

मामांनी जोरात तार ओढली. फुट्‌.

मागून कुणीतरी आदराचं 'बाह' लावून ओरडलं, "बाह ब्रेमली, ओवा खा, ओवा!" सगळा हॉल हसला. पास्टरसाहेबांनी हसू दाबायला बायबल उघडलं, ते उलटं होतं.

मामा मात्र हसले नाहीत. ते जाकिटात आणखी आखडले आणि एकाएकी फार म्हातारे दिसायला लागले. बान्तेई वाकून स्टेजवर धावला, बॅटरी बघितली, वायरी हलवल्या, खोक्याला हात लावला. हात लावला आणि तसाच बसून राहिला. खोकं बर्फासारखं गार होतं.

त्याच्या डोक्यात उजेड पडला आणि त्या उजेडात त्याला आपला गाढवपणा लख्ख दिसला. जर्मेनियमचा ट्रान्झिस्टर नव्या जावयासारखा हळवा. उबेत एक वागतो, गारठ्यात दुसरं. आणि बान्तेईने एकूण एक रेझिस्टर निवडला होता तो चुलीशेजारी बसून. मामांनी ऐकलं होतं तेही चुलीशेजारी. त्या शहाण्याने खोकं चुलीसाठी बनवलं होतं!

"ऊब पाहिजे," तो मामांना म्हणाला. "ऊब दिली की वाजेल."

त्याने खोक्यावर फुंकर घातली. कुणीतरी चहाचा ग्लास दिला, तो त्याने खोक्यावर टेकवला. आवाजात जरा जीव आला, दोन माश्या जाग्या झाल्या, आणि ग्लास कलंडला. मग त्याने खोकं आपल्या स्वेटरच्या आत घातलं आणि दात वाजवत उभा राहिला. फुट्‌. लोकांना आता हसून हसून खुर्चीवर बसवेना.

तेवढ्यात पहिल्या रांगेतून मेई त्रोलिना उठल्या. त्या पायऱ्या चढून वर आल्या आणि बान्तेईसमोर हात पसरला.

"दे."

"मेई, तुम्ही—"

"तुझ्यात कसली ऊब? बांबूला स्वेटर घातलाय नुसता. चार पोरं या काखेत वाढलीत. दे इकडे."

त्यांनी खोकं घेतलं, शालीच्या आत, दोन जाड स्वेटरांच्या आत, काखेत दाबलं आणि मामांशेजारच्या खुर्चीवर बसल्या. शालीखालून दोन वायरी निघाल्या होत्या, एक गिटारला आणि एक स्पीकरला. मेईंनी समोर भिंतीकडे बघितलं. हसायची कुणाची हिंमत झाली नाही.

"वाजव," त्या भावाला म्हणाल्या. "आणि रडू नकोस, लोक बघतायत."

मामांनी हळूच सूर धरला. फुट्‌. पुन्हा. फुर्र. मग हळूहळू, शेगडीवर पाणी तापावं तसा, आवाज यायला लागला. आधी मोजा आला. मग चरबी आली. मग अख्खं मोहोळ उठलं आणि हॉलचे पत्रे थरथरले. मामांनी डोळे मिटले आणि वाजवत सुटले. मध्येच आवाज फार दाट झाला तेव्हा त्यांनी भुवई उडवली. मेईंनी जराशी काख उघडली. एक ओळ वाजून झाल्यावर आवाज पातळ झाला. मामांनी मान हलवली, मेईंनी काख मिटली. भावंडांचं हे असं चाललं होतं आणि लोक खुर्च्यांवर उभे राहून शिट्ट्या मारत होते. मघाशी ओव्याचं औषध सांगणारा सगळ्यात जोरात.

घरी आल्यावर मामा टेबलाशी बसले आणि घसा खाकरून म्हणाले, "तोच आवाज. टेबल पोराचं."

"तुझ्या पोराचा आवाज हॉलमध्ये ऐकला मी," मेई म्हणाल्या. "फुट्‌. पुढचा आवाज माझ्या काखेचा होता. मी काय जन्मभर तुझ्या शेजारी वायरी लावून बसू?"

बान्तेई उठला आणि आपल्या डब्या गोळा करायला लागला. ट्रान्झिस्टरांची डबी त्याच्या हातातून सटकली आणि सगळे जमिनीवर पांगले. तो गुडघ्यांवर बसून एकेक वेचायला लागला, तेव्हा त्याला वर बघवेना.

"काय करतोयस?" मेईंनी विचारलं.

"शेडमध्ये नेतो, मेई. ठरलं होतं तसं."

"अर्धं काम? अर्धं काम जागेवरून हलवलं की ते कधी पुरं होत नाही. हे खोकं आधी गारठ्यात आपलं आपण वाजायला हवं. ते वाजलं की त्याच दिवशी टेबल रिकामं करायचं. तोवर बस तिथे. आणि जेवणाआधी टेबल पुसायचं, रेझिस्टर मोजून ठेवायचे."

दाफीशा खुदकन हसली. "मेई, अगं, याने आजवर एक तरी काम पुरं केलंय का? तुला माहीत आहे ना?"

"मला काय माहीत? मी काख दिली फक्त," मेई म्हणाल्या आणि क्वाईचा अर्धा विडा जावयापुढे सरकवला.

बान्तेई चुलीशेजारी आपल्या जागेवर बसला. गुडघ्यांना ऊब लागली तसं त्याला पुन्हा रडू आलं, पण या वेळी तिखटाचं सोंग करायची गरज नव्हती. खरं म्हणजे इलाज त्याला हॉलमध्येच सुचला होता. खोक्याच्या कडेला एक छोटं बटण बसवायचं, गारठा असेल तसं ते पिळायचं, की झालं. एका दुपारचं काम. तसलं बटण समोरच्या डबीत होतंसुद्धा. त्याने ते उचललं, दिव्यापाशी धरून नीट निरखलं, डबीच्या तळाशी पार खोल पुरलं, आणि शेजाऱ्यांचं चांगलं वाजणारं एक खोकं उघडायला घेतलं.